बिनतेलाचं माशाचं कालवण: मसाला कच्चट लागतो आणि मासा मोडतो, त्याचं कारण आणि इलाज

आमच्या घरी रविवारी मासा शिजतो. नांदेडात राहायचं म्हटल्यावर गोदावरी आणि विष्णुपुरीचं पाणी जवळच, त्यामुळे रोहू, कटला, कधी मरळ, कधी चिलापी, जे ताजं मिळेल ते येतं. माझ्या सासऱ्यांची, मामांची, अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तेल अगदी नावापुरतं ठेवायला सांगितलं. मासा खाल्ला तर चालेल, तळलेला आणि तर्रीचा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मनाशी ठरवलं की मासा बंद करायचा नाही, कढईतलं तेल बंद करायचं.

पुढचे तीन रविवार वाया गेले. पहिल्यांदा मी नेहमीसारखंच सगळं केलं, फक्त तेल घातलं नाही. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पहिल्याच घासाला म्हणाल्या, "कांदा कच्चा लागायलाय गं, लसणाचा उग्र वास येऊ लागलाय." दुसऱ्या रविवारी कच्चेपणा जावा म्हणून कालवण पंचवीस मिनिटं उकळू दिलं. मसाला शिजला, पण तोवर माशाचा भुगा झाला. मामा काटे वेचत बसले. तिसऱ्या रविवारी मसाला आधीच कोरड्या कढईत परतला, तर तो तळाला धरला आणि सगळं कालवण कडू झालं.

गल्लीतल्या दोन-तीन घरांत पथ्याचं जेवण शिजतं. तिथंही हेच तीन प्रकार ऐकायला मिळाले. आळीपाळीने एक ना एक होतंच. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हे तीन वेगळे दोष नाहीत, तिन्हीचं मूळ एकच आहे.

आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, "मसाल्याला तेल सुटेपर्यंत परत." मसाला शिजला की नाही हे ओळखायची हीच आपली खूण. वाटणातलं पाणी आटतं, मग कडेनं तेल दिसायला लागतं, आणि आपला हात आपोआप पुढच्या कामाला लागतो. तेल काढून टाकलं की ही खूण जाते. मग आपण अंदाजानं मासा टाकतो, आणि तो नेहमी लवकर टाकला जातो. मसाला अर्धाकच्चा असताना मासा आत गेला, की पुढं दोनच वाटा उरतात. मासा वाचवायचा तर मसाला कच्चा खायचा, आणि मसाला शिजवायचा तर मासा मोडायचा. मटण तासभर उकळलं तरी चालतं, कारण त्याला धरून ठेवणारे तंतू चिवट असतात. माशाचे तसे नसतात, ते थोड्याच उष्णतेला विरघळतात. अंगठ्याएवढ्या जाडीचा रोहूचा तुकडा मंद उकळीत ८ ते १० मिनिटांत शिजतो. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट त्याला मोडायला लागतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तेल १६०-१८० अंशांपर्यंत तापतं, म्हणून कांदा त्यात लवकर लाल होतो. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. भांड्यात पाणी आहे तोवर कांदा शिजेल, मऊ होईल, पण लाल होणार नाही आणि त्याला खमंगपणा येणार नाही. म्हणून 'तेलाऐवजी पाणी घालून परता' एवढ्याच सल्ल्यावर जे कालवण होतं, ते उकडलेल्या कांद्यासारखं लागतं.

याचा इलाज आपल्याच चुलीत आहे, फक्त मला तो उशिरा आठवला. आपल्याकडे काळ्या रश्श्याचा कांदा कढईत परततच नाहीत. अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी विस्तवात भाजतात, मग पाट्यावर वाटतात. खमंगपणा विस्तवातून येतो, तिथं तेलाचा थेंब लागत नाही. मी आता अर्धा किलो माशाला दोन मध्यम कांदे सालासकट गॅसवर जाळी ठेवून भाजते. ८-१० मिनिटं लागतात, साल पूर्ण काळं व्हायला हवं आणि चिमट्यानं दाबल्यावर कांदा आत मऊ लागायला हवा. वर काळा आणि आत टणक, असा कांदा निघाला तर वास जात नाही, तो परत विस्तवावर ठेवायचा. लसणाची अख्खी गड्डीही तशीच शेजारी भाजायची. कच्च्या लसणाचा उग्रपणा हाच बिनतेलाच्या कालवणाचा सगळ्यात मोठा दोष असतो, आणि भाजलेल्या लसणात तो जवळजवळ उरत नाही. आल्याचा अर्धा इंच तुकडा पुरे, तोही कांद्याबरोबर गरम करून घ्यायचा. मग साल काढून हे सगळं कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. जाडसर वाटण तेलात खपून जातं, पाण्यात ते वेगळं चोथ्यासारखं बसतं.

आता भांडं. मी मातीचं गाडगं वापरते, नसेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या. पातळ स्टीलच्या भांड्यात हे करायला जाऊ नका, तिसऱ्या रविवारी माझा मसाला त्यातच धरला होता. भांडं मध्यम आचेवर ठेवून वाटण घालायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि झाकण न ठेवता हलवत राहायचं. त्यातलं पाणी आटून ते तळाला चिकटायला लागेल. घाबरायचं नाही, पण लक्षही काढायचं नाही. तळाला तपकिरी थर दिसला की दोन चमचे गरम पाणी शिंपडायचं आणि पळीनं तो थर खरवडून वाटणात मिसळायचा. असं चार-पाच वेळा करायचं. त्या थरातच चव असते. तो तपकिरी असताना सोडवला तर खमंग लागतो, काळा होऊ दिला तर कडू. या दोन्हींत अर्ध्या मिनिटाचंही अंतर नसतं, म्हणून या वेळी फोन उचलू नका.

मसाला झाला हे ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न. मी चार खुणा धरून ठेवल्या आहेत. पहिली कानाची: सुरुवातीला वाटण रटरट वाजतं, पाणी संपलं की आवाज चरचरीवर येतो. दुसरी पळीची: भांड्याच्या तळावर पळीनं रेघ ओढली की ती मिटत नाही, आणि वाटण एकत्र गोळा होऊन पळीबरोबर फिरतं. तिसरी रंगाची: पिवळट राखाडी वाटण गडद विटकरी होतं. चौथी नाकाची, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे: वाफेचा वास घेतल्यावर नाकाला झोंबलं नाही म्हणजे कच्चेपणा गेला. भाजलेल्या कांद्याला यासाठी १०-१२ मिनिटं लागतात, कच्च्या कांद्याला २५ तरी. या चारही खुणा दिसल्याशिवाय मासा ताटातून उचलायचाच नाही.

पूड मसाल्यांची जागा वेगळी. लाल तिखट आणि हळद तेलात पडली की त्यांना तेलाचं पांघरूण मिळतं. कोरड्या तापल्या भांड्यात ती काही सेकंदांत जळते, ठसका उठतो आणि रंग काळपट पडतो. म्हणून दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा धणेपूड वाटीत चार चमचे पाण्यात कालवून ठेवायची, आणि वाटण झाल्यावर ती पेस्ट आत घालायची. दोन-तीन मिनिटं पुरतात. काळा मसाला आधीच भाजलेला असतो, तो रस्सा उकळल्यावर शेवटी घालायचा. इथं एक सांगून ठेवते: घरचा काळा मसाला करताना बहुतेक घरांत खडे मसाले थोड्या तेलात तळून घेतात. एक चमच्यात ते तेल फार नसतं, पण ज्यांना अगदी काटेकोर पथ्य आहे त्यांनी मसाले कोरडे भाजून वेगळी डबी करून ठेवावी.

तेलाशिवाय तिखट जास्त झोंबतं, हेही लक्षात ठेवा. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. तेल असलं की तो त्यात अडकून राहतो आणि जिभेवर हळूहळू येतो. रोजच्या मापातलं तिखट एक तृतीयांशानं कमी करा. मिठाचं उलटं होतं. चव फिकी वाटते म्हणून हात सैल सुटतो, आणि ज्याच्यासाठी तेल सोडलं त्याचा रक्तदाब वाढवून ठेवतो. फिकेपणा आंबटानं भरून काढायचा, मिठानं नाही.

मसाला झाला की अडीच वाट्या कडकडीत पाणी, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि एक मोठा चमचा येसूर (भाजलेल्या धान्य-डाळीचं मसाला घातलेलं पीठ) पाण्यात कालवून घालायचा. रस्सा पाच मिनिटं खळखळ उकळून चव बघायची. मीठ, तिखट, आंबट, सगळं याच वेळी बरोबर करून घ्यायचं, कारण मासा पडल्यावर पळी घालायची नाही. कटल्याचं मुंडकं असेल तर ते आधी, त्याला १२-१५ मिनिटं लागतात. मग तुकडे एका थरात अलगद सोडायचे, आच बारीक करायची, रस्सा फक्त हलकासा थरथरला पाहिजे. हलवायचं असेल तर फडक्यानं भांड्याच्या कडा धरून गोल झुलवायचं. ८ मिनिटांनी काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटायला लागलं की गॅस बंद. झाकण ठेवून अर्धा तास विसरायचं. हा अर्धा तास टाळू नका. तेल असतं तेव्हा ते मसाल्याचा वास धरून माशाला लपेटून घेतं. इथं रस्साच हळूहळू आत मुरायचा आहे, त्याला वेळ द्यावा लागतो.

तर्रीविषयी खरं ते सांगते. तर्री येणार नाही. लाल रंग तेलात उतरतो, तेल नसेल तर तो वर तरंगणार कशाचा? रंग हवा असेल तर चार सुक्या मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटणात वाटा, रस्सा सगळाच लालसर दिसतो. पुष्कळजण तर्रीसाठी खोबरं आणि तीळ वाढवतात, आणि वर थोडी चकाकी येतेही. पण ती खोबऱ्याच्याच तेलाची असते. विस्तवावर धरलेली वाटी कशी पेट घेते ते आठवा. सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो, शेंगदाणे आणि तिळात जवळजवळ निम्मा. चाळीस ग्रॅम खोबरं वाटून घातलं तर दीड-दोन मोठे चमचे तेल ओतल्यासारखंच झालं. कढईत तेल नाही म्हणून पथ्य पाळलं, असं समजू नका. मी अर्धा किलोला दोन छोटे चमचे खोबऱ्याचा कीस घेते आणि दाटपणासाठी येसुरावर विसंबते. येसूर म्हणजे भाजलेलं धान्य आणि हरभऱ्याची डाळ, मसाल्यासकट दळलेली. घराघरात त्याचं माप वेगळं असतं, पण स्निग्धांश सगळीकडे थोडाच. येसूर नसेल तर फुटाण्याची डाळ दळून घ्या, फक्त ती एक चमच्याच्या वर गेली तर रस्सा पिठल्याकडे झुकतो. दाटपणासाठी दही घालायचा सल्लाही ऐकला होता. आमच्या घरी माशाबरोबर दही-दूध चालत नाही, म्हणून मी ते केलेलं नाही.

एक तक्रार तेल सोडल्यावर नव्यानं आली: मासा मातकट लागायला लागला. आधी कधी जाणवलं नव्हतं. हा वास माशाच्या शिळेपणाचा नसतो. साठलेल्या पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या कातडीत आणि चरबीत उतरतो. मृगाच्या पहिल्या पावसाला जो मातीचा वास येतो, त्यातही हाच असतो. आपल्याकडचा मासा धरणातला आणि तळ्यातला, नाथसागर असो, येलदरी असो की माजलगाव, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरलं की हा वास कमी-जास्त येणारच. तळणीच्या वासात तो झाकला जात होता, एवढंच. आंबटानं तो मोडतो. तुकडे मीठ-हळद लावून, चिंचेच्या पातळ कोळात १५-२० मिनिटं ठेवायचे आणि धुऊन घ्यायचे. पोटाच्या आतला काळा पापुद्रा नखानं पूर्ण काढायचा, कण्याजवळचं गोठलेलं रक्तही. कातडीचा बुळबुळीतपणा जाड मीठ आणि ज्वारीचं पीठ चोळून घालवायचा. घेतानाच विक्रेत्याला कातडी काढायला सांगितलं तर निम्मं काम झालं, पण मग रश्श्यात मासा लवकर सुटतो. म्हणून मी कातडी फक्त तव्यावरच्या माशाची काढते.

तव्यावरच्या माशाची कहाणी वेगळी आहे. तिथं अडचण एकच, मासा तव्याला चिकटतो, उलथताना मसाला तव्यावर राहतो आणि मासा नागडा निघतो. माशाचं मांस गरम धातूला लागताक्षणी त्याला धरून बसतं. मध्ये तेलाचा थर असला की ते होत नाही. मी न चिकटणारा तवा आणून पाहिला. पहिले दोन महिने बरा चालला, मग त्याचा लेप उतरायला लागला. रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवला की तसं होतंच, आणि तेल नसलं की आपण नेमका तोच रिकामा तापवतो.

मला उपाय सापडला तो पानात. अर्धापूर आमच्यापासून जवळच, तिकडं केळीच्या बागाच बागा, पान सहज मिळतं. पान विस्तवावरून फिरवलं की मऊ होतं, मग चिरत नाही. माशाचे तुकडे फडक्यानं अगदी कोरडे करून घ्यायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ओल्या माशावर मसाला टिकत नाही. तिखट, हळद, भाजलेला लसूण, चिंचेचा घट्ट कोळ आणि चमचाभर ज्वारीचं पीठ यांचा लपथपीत नाही तर घट्ट लेप करायचा आणि अर्धा तास लावून ठेवायचा. तव्यावर पान, पानावर मासा, वरून दुसरं पान, त्यावर झाकण. मध्यमहून कमी आचेवर ६ मिनिटं, मग दोन्ही पानांसकट ताटलीनं उलटून ५ मिनिटं. मासा पानाच्या आत स्वतःच्याच वाफेवर शिजतो. आता पान काढून तुकडे थेट तापल्या लोखंडी तव्यावर, एकेका बाजूला एक-दीड मिनिट. तोवर लेप वाळून घट्ट झालेला असतो म्हणून चिकटत नाही, आणि खरपूस डाग पडतात. एखादा चिकटलाच तर उलथण्यानं खरवडू नका, अर्धा मिनिट थांबा. खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो.

हंगामात वसमतकडून कुणी येणार असेल तर मी हळदीची पानं मागवते. तिकडं शेतंच्या शेतं हळदीची. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत पान हिरवं मिळतं. त्याचा सुगंध माशाला असा लागतो की तेलाची आठवण येत नाही. मामांनी बिनतेलाचा मासा पहिल्यांदा मागून घेतला तो हळदीच्या पानातला. पान अरुंद असतं, म्हणून दोन-तीन एकमेकांवर चढवून लावायची. मोठ्या तुकड्यांपेक्षा चिलापीचे दोन्ही बाजूंचे पातळ काप यात चांगले होतात.

ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर हाच लेप लावून २०० अंशांवर १०-१२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. सोपं आहे, पण रोहू त्यात कोरडा पडतो. मरळ टिकते, कारण तिचं मांस घट्ट असतं.

लोखंडी कढईत चिंचेचं कालवण करू नका, रस्सा काळा पडतो आणि लोखंडाची चव येते. लोखंडी तवा कोरड्या माशाला चालतो, कारण लेपातली चिंच थोडी आणि वेळही थोडा.

उरलेल्या कालवणाचं शेवटचं. रात्रीचं कालवण सकाळी गरम करताना पुन्हा तोच मासा मोडतो, कारण तो आधीच शिजून बसलेला असतो. तुकडे अलगद काढून ताटलीत ठेवा, फ्रीजमधून काढले असतील तर तेवढ्या वेळात त्यांचा गारठाही थोडा जातो. रस्सा एकटा खळखळ उकळा, घट्ट झाला असेल तर गरम पाणी घाला, कारण येसूर रात्रभरात पाणी पितो. गॅस मंद करून तुकडे त्यात परत सोडा, झाकण ठेवून ते आतपर्यंत वाफाळेस्तोवर तसेच राहू द्या, साधारण ५ मिनिटं, पळी न घालता. तेवढ्यात भाकर थापून होते.